आरमाराचा अभिमान आणि फूटपट्टी

मराठी माणसाला आरमाराचा अभिमान आहे. आरमाराची माहिती मात्र नाही. हे विधान कटू वाटेल, पण ते खोटे ठरविणे अगदी सोपे आहे. ज्या कोणास ते मान्य नसेल त्याने एक कोरा कागद घ्यावा आणि कान्होजी आंग्र्यांच्या गुराबेची बाजूने दिसणारी आकृती काढावी. डोलकाठ्या किती, नाळ उंच की ठेंगणी, तोफा कोणत्या दिशेला, लांबी रुंदीच्या किती पट, एवढेच दाखवावे. हा प्रयोग मी माझ्या कचेरीतील आणि शेजारातील सुशिक्षित मराठी मंडळींवर केला आहे. कागदावर जे उतरले ते बहुतेक वेळा शाळेच्या पुस्तकातील कोलंबसाचे जहाज होते. फरक एवढाच की, त्याच्या शिडावर भगवा झेंडा काढलेला होता.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीनला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली, त्याच समारंभात नौदलाचे नवे निशाण फडकले. सेंट जॉर्जचा लाल क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून सुचलेला अष्टकोन त्या जागी आला. आपल्या मंडळांतून त्या दिवशी पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या आरमाराच्या स्मरणार्थ ही मुद्रा निशाणावर आली त्यातील एकाही जहाजाची विश्वासार्ह प्रतिकृती आपल्यापैकी किती जणांच्या घरात, शाळेत किंवा मंडळाच्या कार्यालयात आहे? शिवजयंतीच्या मिरवणुकीत जे जहाज निघते ते प्रतिकृती नव्हे. त्याची नाळ हंसाच्या मानेसारखी वर गेलेली असते, पिछाडीला तीन मजले असतात आणि तळ तांबडा रंगविलेला असतो. यांतील तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. चूक लक्षात येत नाही, कारण बघणाऱ्याच्या मनात ताडून पाहण्यास दुसरे चित्रच नसते.

किल्ल्यांच्या बाबतीत आपली अशी फजिती होत नाही. याचे श्रेय इतिहासकारांइतकेच दिवाळीतील पोरांना दिले पाहिजे. दगडमाती कालवून, वर हळीव पेरून ज्याने लहानपणी किल्ला केला त्याला बुरूज आणि तटबंदी यांतला भेद सांगावा लागत नाही. माची कोठे संपते आणि बालेकिल्ला कोठे सुरू होतो हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. बंगळुरातील भाड्याच्या घरातही कुंड्यांतील माती काढून गॅलरीत किल्ला उभा करणारी मराठी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडणारे आपले कन्नड शेजारी तो कौतुकाने पाहायला येतात. सिंधुदुर्गाचा किल्ला मात्र असा होतो की, त्याच्याभोवती निळा कागद असतो आणि त्या कागदावर काहीही नसते. ज्या जहाजांसाठी तो दुर्ग बांधला ती जहाजेच आपल्या खेळातून गळाली आहेत. आणि जे खेळातून गळते ते पुढे ज्ञानातूनही गळते.

येथे कोणी म्हणेल की, माहितीच उपलब्ध नसेल तर प्रतिकृती करावी कशी? ही सबब आहे. माहिती अपुरी आहे, पण ती नाही असे मुळीच नाही. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज कंपनीच्या इतिहासकाराने अठराव्या शतकातच गुराब आणि गलबत यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आतली. तळ उथळ, लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, आणि मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. युरोपीय जहाजासारखा फुगीर पुढा तिला नव्हता. त्या जागी भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या जहाजाप्रमाणे पुढे आलेली, मुख्य तक्तपोशीच्या पातळीतच राहणारी लांब नाळ होती. तक्तपोशी आणि नाळ यांच्यामध्ये एक आडवी फळ्यांची भिंत. तीत दोन झरोके पाडून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा नाळेवरून समोर मारा करीत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. गलबत याहून लहान, सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे; भार हलका राहावा म्हणून त्याची तक्तपोशी बहुधा चिरलेल्या बांबूंची असे.

एवढ्या वर्णनावरून मिरवणुकीतील जहाजाची नाळ चुकीची हे तत्काळ सिद्ध होते. तळाच्या तांबड्या रंगाचेही तसेच. तो रंग लोखंडी जहाजांच्या काळातला. आपल्या किनाऱ्यावर लाकडी जहाजाच्या तळाला चुना आणि तेल किंवा चरबी यांचा लेप देत. तेव्हा गुराबेच्या प्रतिकृतीला पाण्याखाली मळकट पांढरा हात द्यावयास हवा.

पण खरे शिक्षण पुढेच आहे. ऑर्म टन सांगतो, लांबी सांगत नाही. वाचणारा या ठिकाणी पान उलटतो. बांधणाऱ्याला ते करता येत नाही, कारण लाकडाचा तुकडा कोठे कापावयाचा हे त्याला ठरवावेच लागते. त्या काळी इंग्रज गोद्यांत जहाजाचे टन काढण्याची एक ठरलेली रीत होती. लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करावयाचे, बाकीला रुंदीने आणि पुन्हा निम्म्या रुंदीने गुणावयाचे आणि येणाऱ्या संख्येला ९४ ने भागावयाचे, मापे फुटांत. ऑर्मचे टन याच मापाचे धरले आणि गुराबेची लांबी रुंदीच्या तिप्पट मानली, तर ३०० टनांची गुराब सुमारे ८६ फूट लांब आणि साडेअठ्ठावीस फूट रुंद येते. लांबी साडेतीन पट मानली, तर ती ९४ फुटांवर जाते आणि रुंदी सत्तावीस फुटांवर उतरते. फुटाला अष्टमांश इंच हे प्रमाण घेतले, तर एक प्रतिकृती पावणेअकरा इंचांची होते, दुसरी पावणेबारा इंचांची. या एका इंचावर एखादा माणूस महिनाभर विचार करील, जुनी पुस्तके धुंडाळील, विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आंग्र्यांच्या गोदीचे अवशेष आहेत तेथे जाऊन ती जागा पाहून येईल. आरमारावर शंभर व्याख्याने ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडतसुद्धा नाही. प्रतिकृतीचा सारा नैतिक अधिकार या एका इंचात आहे.

ज्यांनी आपला समुद्र घेतला त्यांनी हा इंच कधीच सोडला नाही. १७८२ साली इंग्रजांनी ‘एबे’ नावाचे फ्रेंच लढाऊ जहाज पकडले. ते आपल्या जहाजांहून सरस आहे असे दिसताच त्यांनी त्याची मापे उतरवून घेतली आणि त्या आराखड्यावरून पुढे चाळीसहून अधिक जहाजे बांधली. त्यांतलेच एक मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधले गेले. त्याचे आराखडे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या जहाजाने निघाले होते. १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांनी ते जहाज वाटेत घेतले आणि आराखडेही गेले. दुसरी प्रत पाठविली गेली, तेव्हा काम सुरू झाले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ मुंबईच्या पाण्यात उतरली. बरोबर चोवीस दिवसांनी खडकीची लढाई झाली. पेशवाई गेली, त्रिंकोमाली अजून इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे.

याच्याशेजारी फेब्रुवारी १७५६ ठेवा. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्याविरुद्ध मोहीम काढली. वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एक तोफगोळा आंग्र्यांच्या ताब्यातील ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीपासूनच जिंकलेले होते. आग त्यावरून गुराबांना लागली आणि आरमार जळून गेले. या कृत्याबद्दल पेशव्यांना दोष द्यावा की तुळाजीला, यावर आपण आजही तावातावाने भांडतो. माझी तक्रार दोघांविरुद्ध समान आहे: ज्या गुराबांनी युरोपीय दर्यावर्दींना धाक घातला त्यांतल्या एकीचाही मोजमापाचा कागद ना आंग्र्यांच्या वारसांनी आपल्यापर्यंत पोचविला, ना पेशव्यांच्या दप्तराने. विजयदुर्गाच्या पाडावाची चित्रेही लंडनमध्ये डॉमिनिक सेरेससारख्या चित्रकारांनी रंगविली. आपल्या पराभवाची दृश्येसुद्धा आपल्याला जेत्याकडून उसनी घ्यावी लागतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हा पोरखेळ आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी कचेरी सांभाळून आठ महिन्यांत आय. एन. एस. म्हैसूर ही १९५७ साली आपल्या नौदलात आलेली क्रूझर बांधली. प्रमाण सातशेस एक, लांबी साडेनऊ इंच. साहित्य पोस्टकार्डे, टाचण्या, तांब्याची तार आणि शिवणाचा दोरा. हे जहाज पूर्वी इंग्रजांचे ‘नायजेरिया’ होते. त्याच्या युद्धकाळातील छायाचित्रांत सहा इंची तोफांचे चार मनोरे दिसतात आणि म्हैसूरच्या छायाचित्रांत तीन. या घोळाचा उलगडा होईपर्यंत त्यांनी दीड महिना पिछाडीला हात लावला नाही. रंगाचेही असेच. लहान वस्तूवर खरा रंग गडद दिसतो, म्हणून करड्यात थोडा पांढरा मिसळून, एक हात वाळल्यावर काचकागद फिरवून, पातळ असे तीन हात त्यांनी दिले. ही प्रतिकृती एका मराठी संस्थेच्या प्रदर्शनात गेली, तेव्हा ती ‘बालविभागात’ मांडण्यात आली आणि पारितोषिक मिळाले ते विजेचे दिवे लावलेल्या थर्मोकोलच्या जहाजाला! परीक्षक सुशिक्षित होते. त्यांच्यापैकी एकानेही मनोरे मोजले नाहीत.

पोरखेळ म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा. विल्यम फ्रूड याने १८७२ साली इंग्लंडात टॉर्की येथे एक लांब हौद बांधला आणि त्यात मेणाची लहान जहाजे ओढून मोठ्या जहाजाला पाणी किती विरोध करील याचे गणित बसविले. आजचे नौकाशास्त्र त्या हौदातून निघाले आहे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांना चकविण्यासाठी जहाजांवर चित्रविचित्र पट्टे ओढण्याची कल्पना नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने १९१७ साली काढली. हे पट्टे आधी लहान प्रतिकृतींवर रंगवीत, त्या फिरत्या पाटावर ठेवीत आणि पाणबुडीच्या दुर्बिणीतून पाहून पसंत-नापसंत करीत. हे काम लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या दालनांत चालत असे. इतके दूर तरी कशाला जावे? पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथे बंदरांच्या प्रतिकृती करून त्यांत लाटा सोडून पाहतात आणि मग धक्का कोठे बांधावयाचा हे सांगतात. केंद्र सरकार ज्या खेळावर पगार देते त्याला पोरखेळ म्हणण्यापूर्वी आपण सरकारी नोकरांनी तरी दोनदा विचार करावा.

दुसरा आक्षेप, हा छंद परका आणि खर्चिक आहे. जपानातील शिझुओका येथील कारखानदारांनी १९७१ पासून सातशेस एक प्रमाणाची प्लॅस्टिकची जहाजे बाजारात आणली, आणि त्यांच्या पेट्या आपल्याकडे महाग पडतात हे खरे. परंतु गुराबेची पेटी कोणत्याच कारखान्यात तयार होण्याची वाट पाहू नये. तिला सागवानाच्या पट्ट्या, अगरबत्तीच्या काड्या, जुन्या धोतराचे शिडाला कापड आणि एक धारदार पाते पुरे. तिच्यासाठी सर्वांत महाग पडणारी वस्तू म्हणजे फुरसत, आणि ती आपण दूरचित्रवाणीसमोर रोज उधळतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: युद्धनौका ही संहाराची वस्तू, तिची पूजा कशाला? ज्यांनी ती कधी बांधली नाही त्यांनाच हा प्रश्न सुचतो. सातशेस एक प्रमाणात पावणेसहा फुटांचा माणूस इंचाच्या दशांशाएवढा होतो. असली माणसे तक्तपोशीवर उभी करताना ती किती अरुंद जागेत राहत होती हे डोळ्यांना दिसते. ९ डिसेंबर १९७१ रोजी खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपले १७ अधिकारी आणि १७६ नौसैनिक यांच्यासह समुद्रात गेले. दीवच्या स्मारकात काचेच्या घरात तिची प्रतिकृती ठेवली आहे. याच प्रमाणात ती सव्वापाच इंचांची भरेल. तेवढ्या लांबीत १९४ माणसे मांडून पाहावी. युद्धाचा उन्माद उरणार नाही.

चौथा आक्षेप आधुनिकांचा: संगणकावर हवे ते चित्र क्षणात मिळते, मग हाताने कशाला करावयाचे? चित्र मिळते, हे निर्विवाद. पण ते चित्र न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपल्या मनाने भरून टाकते आणि कोठे भरली हे सांगत नाही. मिरवणुकीतील जहाज जुन्या अज्ञानाचे होते. हे नव्या अज्ञानाचे, आणि अधिक देखणे म्हणून अधिक घातक.

आणि जी वस्तू डोळ्यांसमोर होती तिचे तरी आपण काय केले? पहिली विक्रांत १९६१ ते १९९७ नौदलात होती, पुढे २०१२ पर्यंत मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ साली ती विकली गेली आणि दारूखान्यात फोडली गेली. ७०० फूट लांबीचे ते जहाज सातशेस एक प्रमाणात बरोबर एक फुटाचे होते. शाळकरी मुलाच्या पट्टीएवढी जागा! ज्या मुंबईकरांनी मुलांना खांद्यावर घेऊन ते दाखविले त्यांच्यापैकी किती घरांत तेवढी एक फुटाची विक्रांत आज आहे? मोठे जहाज वाचविणे आपल्या हाती नव्हते, मान्य आहे. लहान बांधणे तर होते.

हे सर्व अशक्य कोटीतले आहे असे वाटत असेल, तर कर्नाटकातच घडलेली एक गोष्ट पाहावी. २१ मे २०२५ रोजी कारवारच्या नौदल तळावर ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज समारंभपूर्वक नौदलात दाखल झाले. त्याला आधार होता तो अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रातील जहाजाचा. आराखडा नाही, अवशेष नाहीत. केवळ एक चित्र. त्यावरून घडण ठरविली गेली, मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये तिची लहान प्रतिकृती पाण्यात तपासली गेली, आणि बाबू शंकरन यांच्या हाताखालील केरळच्या कारागिरांनी गोव्यात काथ्याने फळ्या शिवून जहाज उभे केले. पाचव्या शतकातील जहाजासाठी एका चित्रावर एवढे होऊ शकते. मग पावणेतीनशे वर्षांपूर्वी जळालेल्या गुराबेसाठी, जिचे लेखी वर्णन उपलब्ध आहे, आपण निदान पावणेअकरा इंचांची उभारणी करू शकत नाही काय?

बंगळुरात बसून समुद्राची उठाठेव कशाला, असेही विचारले जाईल. ज्या शहरात शहाजीराजांची जहागीर होती त्याच्याशी आपले नाते आपण अगत्याने सांगतो. मग हेही सांगावे की, शहाजीपुत्राने फेब्रुवारी १६६५ मध्ये स्वतः जहाजावर चढून जी मोठी सागरी मोहीम केली ती याच राज्याच्या किनाऱ्यावर, बसरूरला. ८५ लहान आणि तीन मोठी जहाजे होती असे इंग्रजांचे लेख सांगतात. ती तीन मोठी जहाजे कशी होती? या प्रश्नावर आपले सारे अभिमानी वक्ते गप्प होतात. शिवाय आजच्या नौदलाची रडार आणि सोनार यंत्रे ज्या शहरात तयार होतात, जेथे गल्लोगल्ली यंत्रशाळा आहेत, ते शहर समुद्रापासून दूर आहे असे कोण म्हणेल? आणि तासाभराच्या अंतरावर चन्नपट्टण आहे. तेथील कातारी लाकडाला जो आकार आणि रंग देतात तो पाहून ज्याचा हात शिवशिवणार नाही त्याची कीव करावी.

आता बृहन्महाराष्ट्रातील मंडळांना एक स्पष्ट सूचना. पुढल्या दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धेबरोबर जहाजांची स्पर्धा ठेवा. दिव्यांना आणि आकाराला गुण देऊ नका. प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक कागद मागा. त्यावर तीन रकाने असावेत: कोणते माप आधार दाखवून घेतले, कोणते हिशेबाने काढले, कोणते कल्पनेने भरले. गुण या कागदाला द्या. ज्याने तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरला त्याला पहिले पारितोषिक द्या, मग त्याची डोलकाठी थोडी वाकडी का असेना.

हे काम आपणांस अवघड जाऊ नये. आपण कचेरीतली माणसे. आधाराचा कागद जोडलेला नसेल तर दहा रुपयांचे देयकही आपण परत पाठवितो. ‘सदर विधानास पुरावा जोडावा’ असा शेरा मारताना आपली लेखणी कचरत नाही. हाच शेरा एकदा आपल्या अभिमानावर मारावा. आरमाराची नस्ती पावणेतीनशे वर्षे जोडपत्रांवाचून पडून आहे. ती पूर्ण करण्यास लागते एक फूटपट्टी, एक पाते आणि थोडी लाज.